'सिंक'ला पोर्तुगीजमध्ये एकच शब्द शोधू नकोस

रत्नागिरीच्या एका मुलाने प्रश्न विचारलाय, आधी तो थोडक्यात सांगते. गोव्यात पोर्तुगीज शिकला, पहिलंच मोठं काम मिळालं, एका बार्जच्या अपघाताचा इंग्रजी सर्व्हे रिपोर्ट पोर्तुगीजमध्ये करायचा आणि वाचणारे लोक मोझांबिकचे. रिपोर्टात सिंक, सँक, सन्क, सिंकिंग असं सगळं मिळून अकरा ठिकाणी आलंय, याने डिक्शनरी बघून अकराही ठिकाणी 'अफुंदार' घातलं आणि काम परत आलं, शेरा एवढाच की शब्द तपासा. तो विचारतो, "ताई, अफुंदार चूक आहे का? मग बरोबर शब्द कुठला?"

चूक नाही रे. पण अकराही ठिकाणी बरोबर असणं शक्यच नाही. मी वेंगुर्ल्यात राहून हेच काम करते, जहाजांचे रिपोर्ट, विम्याचे क्लेम, खलाशांचे जबाब, मधेमधे काजूवाल्यांची मोझांबिककडची कागदपत्रं, वीसेक वर्षं झाली. या वीस वर्षांत मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य डिक्शनरीतलं नाही, बाबांचं आहे. कोणी धावत येऊन होडी बुडली म्हणून सांगितलं की ते आधी विचारायचे, "खंय बुडली, कशी बुडली, तां आधी सांग." तू तेच कर. इंग्रजीवरून थेट पोर्तुगीजवर उडी मारू नको, मधे एकदा मराठीत थांब आणि स्वतःला नीट सांग की काय झालं. उलटली, रुतली, खचली, मुरलं, तळाला बसलं, बुडवली. इंग्रजी एका सिंकमध्ये जे कोंबतं ते मराठीत आपोआप सुटं होतं आणि पोर्तुगीजमध्येही ते बऱ्यापैकी सुटंच असतं. (उच्चार मी गोव्याकडच्या सवयीने लिहितेय, ब्राझीलवाले बरेच वेगळे करतात, स्पेलिंग तू डिक्शनरीत बघूनच घे.)

आधी बार्जचंच बघू, कारण तिथेच पैसे अडकलेत.

अफुंदारमध्ये 'फुंदु' आहे, म्हणजे तळ. तळाला जाणं किंवा तळाला घालवणं, दोन्ही. इथे मराठी माणसाने सावध व्हायचं, कारण आपल्याकडे बुडणं वेगळं आणि बुडवणं वेगळं, इंग्रजीत दोन्हीला सिंकच आणि पोर्तुगीजमध्येही क्रियापद एकच. पोर्तुगालकडे आपसूक बुडालेल्या जहाजाला बहुतेक 'अफुंदो-स' असं मागे 'स' लावून लिहितात, ब्राझीलमध्ये नुसतं 'अफुंदो' चालतं. मोझांबिकचं लिखाण पोर्तुगालच्या वळणाचं, तेव्हा तू 'स' लाव. आणि 'फोइ अफुंदादु' असं कर्मणी चुकूनही लिहू नको, त्याचा अर्थ होतो की ती कोणीतरी बुडवली. विम्याच्या कागदात बुडाली आणि बुडवली यात काय फरक पडतो ते तुला सांगायला नको. मला तर वाटतं तुझं काम परत येण्याचं खरं कारण हेच असेल, इंग्रजीत 'वॉज सन्क' असं सैलपणे लिहिलेलं असतं आणि आपण ते तसंच उचलतो.

दुसरा शब्द 'नाउफ्राजिउ'. हा लॅटिनमधून आला, जहाज आणि फुटणं मिळून. नुसती बुडण्याची क्रिया नाही, अख्खी घटना, दुर्घटना. टायटॅनिकचं १९१२ सालचं बुडणं पोर्तुगीजमध्ये कायम नाउफ्राजिउच. या शब्दाला त्यांच्याकडे फार वजन आहे, लिस्बनहून भारताकडे येणारी जहाजं शतकानुशतकं फुटत-बुडत राहिली, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कचं मलाक्का लुटून निघालेलं जहाज १५११ मध्ये सुमात्राजवळ बुडालं, कोचीनहून निघालेलं साओ जुआंव १५५२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलं, अशा हकिगतींचे दोन खंड अठराव्या शतकात छापले गेले. त्यामुळे नाउफ्राजिउ म्हटलं की माणसं, माल, आकांत सगळं सोबत येतं. उलट बाजूने बघ, ब्राझीलच्या नौदलाने आपली जुनी विमानवाहू नौका, साओ पाउलो, फेब्रुवारी २०२३ मध्ये अटलांटिकमध्ये मुद्दाम बुडवली, तेव्हा पेपरांत 'आफुंदामेंतु' आलं, म्हणजे अफुंदारचंच नाम. रिकामं जहाज ठरवून तळाला घालवलं तर ते नाउफ्राजिउ कसं होईल.

आपल्या रामदास बोटीवर हे सगळं बसवून बघ म्हणजे डोक्यात पक्कं होईल. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ गेली, ६०० हून जास्त माणसं गेली, अलिबागकडे अजून कितीतरी घरांत त्या दिवसाचं सांगतात. आधी ती एका बाजूला कलली, ते 'आदेर्नार'. मग उलटली, ते 'एंबोर्कार', साध्या बोलण्यात 'विरार'. मग बुडाली, 'अफुंदार'. आतली माणसं बुडाली, 'अफोगार-स'. आणि या सगळ्याला मिळून नाव नाउफ्राजिउ. मराठीत आपण यातल्या तिघांना 'बुडाली' म्हणतो, बोट बुडाली, माणसं बुडाली, रामदास बुडाली, आणि इथे मराठीचा आधार तोकडा पडतो हे प्रामाणिकपणे सांगते. पोर्तुगीजमध्ये माणूस 'अफुंदार' होत नाही, तो 'अफोगार-स' होतो, म्हणजे श्वास कोंडून जाणं.

आणि आता एक शब्द जो मी कुणालाच चुकू देत नाही, 'नाउफ्रागु'. ज्याचं जहाज बुडालं तो माणूस. मेलेला नव्हे! बरेचदा जिवंतच. काही वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका घरातून रात्री फोन आला, मुलगा बोटीवर होता, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ अपघात झालेला, तिकडच्या बंदरावरून पोर्तुगीजमध्ये एक पानभर कागद आलेला आणि कोणीतरी मोबाईलवर त्याचं भाषांतर करून घरात वाचून दाखवलं, 'बुडालेला माणूस बाहेर काढून हॉस्पिटलात नेला'. घरात रडारड चालू. मी फोटो मागवला, बघितलं तर 'नाउफ्रागु', आणि पुढे हॉस्पिटलात नेल्याचं, शुद्धीवर असल्याचं सगळं लिहिलेलं. मुलगा जिवंत होता. बुडालेल्या बोटीवरचा होता, बुडालेला नव्हता. पाण्यात गुदमरून गेलेल्याला 'अफोगादु' म्हणतात, हा फरक त्या आईला फोनवर समजावताना माझाच आवाज लागत नव्हता. तुझ्या रिपोर्टात खलाशांचा उल्लेख आला की या दोन शब्दांवर दोनदा नजर फिरव, बाकी कुठे घाई केलीस तरी चालेल.

'सोसोब्रार' पण डिक्शनरीत दिसेल तुला. पाणी भरून, हेलकावे खात, उलटीपालटी होत जाणं, इंग्रजीत जिथे 'फाउंडर' म्हणतात तिथे जवळ जातं. छान शब्द आहे पण पुस्तकी, सर्व्हे रिपोर्टात एखाद्या वेळी चालेल, सारखा नको. त्यापेक्षा 'इर आ पीक' ऐकायला मिळेल, म्हणजे सरळ खाली, उभ्या उभ्या जाणं, आणि 'पोर आ पीक' म्हणजे तसं घालवणं, शत्रूचं जहाज वगैरे.

रुतणं हा आपल्या किनाऱ्याचा रोजचा विषय, आणि इथे लोक हमखास गडबड करतात. २००० साली कांदोळीच्या किनाऱ्यावर रिव्हर प्रिन्सेस ही बोट येऊन रुतली, दहा-बारा वर्षं तिथेच गंजत पडली होती, आपल्याकडून गोव्याला गेलेल्या बऱ्याच जणांनी बघितली असेल. ती हळूहळू वाळूत खाली जात होती म्हणून इंग्रजीत कोणी 'सिंकिंग इन द सँड' लिहिलं तर पोर्तुगीजमध्ये जहाजाला आधी 'एंकाल्यार' म्हणायचं, म्हणजे तळाला टेकून अडकणं, आणि मग वाळूत किती खाली गेलं ते वेगळ्या वाक्यात. चिखलात गाडी, बैल, माणूस रुतला तर 'आतोलार'. आणि मुद्दाम किनाऱ्याला घातलेलं जहाज? डिसेंबर १९६१, मुरगावच्या तोंडाशी पोर्तुगीजांची 'आफोंसु द आल्बुकेर्क' ही युद्धनौका भारतीय नौदलाच्या माऱ्यात सापडली आणि तिच्यावरच्या लोकांनी ती किनाऱ्याला नेऊन रुतवली. ती बुडाली असं आपल्याकडे बरेच जण सांगतात, पण ती रुतवली होती. अशा मुद्दाम रुतवण्याला ब्राझीलच्या कायद्यात 'वारासांव' असा स्वतंत्र शब्दच आहे.

तो कायदा मी दर नव्या भाषांतरकाराला वाचायला सांगते. १९५४ चा कायदा क्रमांक २१८०, कलम १४, त्यात जहाजाचे अपघात ओळीने दिलेत, नाउफ्राजिउ, एंकाल्य, कोलिझांव, आबाल्रोआसांव, आग्वा आबेर्ता, स्फोट, आग, वारासांव वगैरे. दोन जहाजं एकमेकांवर आदळली तर आबाल्रोआसांव आणि जहाज दुसऱ्या कशावर, धक्क्यावर, खडकावर आदळलं तर कोलिझांव, इंग्रजीत दोन्हीला कोलिजन म्हणून मोकळे होतात. 'आग्वा आबेर्ता'चा शब्दशः अर्थ उघडं पाणी, म्हणून नवखे लोक त्याला खुला समुद्र समजतात, आणि खरा अर्थ आहे की जहाजाला पाण्याखाली कुठेतरी फट पडून आत पाणी यायला लागलं. बार्जने आधी पाणी घेतलं आणि मग ती गेली असं तुझ्या रिपोर्टात असणारच, तिथे हे डोक्यात ठेव. कायदा ब्राझीलचा आहे, मोझांबिकचा नाही, म्हणून 'वारासांव'सारखा शब्द वापरलास तर सोबत चार शब्दांत खुलासा दे, पण विचार कसा वेगळा करायचा ते शिकायला यापेक्षा चांगली यादी नाही. विम्याच्या इंग्रजी अटींतही, मालाच्या बी आणि सी क्लॉजमध्ये, 'स्ट्रँडेड, ग्राउंडेड, सन्क, कॅप्साइज्ड' अशी चार वेगळी नावं आहेत, ती चारही पोर्तुगीजमध्ये वेगळीच दिसली पाहिजेत. दोघांना एक शब्द देऊन टाकलास की वकिलाला बोट ठेवायला जागा मिळाली.

आता धक्का. तू लिहिलंयस की धक्क्याची भिंत काही सेंटिमीटर सन्क झाली आणि तिथेही अफुंदार घातलंस. नाही. भिंत बुडत नाही, बसते किंवा खचते. पाया हळूहळू दबून बसला तर पोर्तुगालकडे 'आसेंतामेंतु', ब्राझीलचे इंजिनीअर त्यालाच 'हेकाल्के' म्हणतात. एकदम खाली गेली, रस्ता खचतो तशी, तर 'आबातेर'. पावसाळ्यात आपल्या घाटात जे होतं त्याला 'दरड' वेगळी आणि 'रस्ता खचला' वेगळं म्हणतो की नाही आपण, तसंच. जमीन मोठ्या पट्ट्यात खाली जायला लागली तर मात्र फुंदु परत येतो. ब्राझीलमध्ये मासेयो नावाचं किनाऱ्यावरचं शहर आहे, तिथे जमिनीखालून मीठ काढून काढून पोकळ्या झाल्या, २०१८ मध्ये हादरा बसला, घरांना तडे गेले, वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये एक खाण खाडीच्या पाण्याखाली कोसळली. तिकडचे पेपर त्याला 'आफुंदामेंतु दु सोलु' लिहितात, भूगर्भवाले 'सुब्सिदेंसिया'. चुनखडीच्या प्रदेशात एकाएकी पडणारा खड्डा, इंग्रजीत सिंकहोल, तो 'दोलीना'.

बाकीचे भराभर सांगते.

जनरेटरच्या पॅनेलवरचं हीट सिंक म्हणजे 'दिसिपादोर द कालोर', उष्णता पसरवून टाकणारं. कार्बन सिंक, म्हणजे जंगलासारखं हवेतला कार्बन शोषून घेणारं काही, ते 'सुमिदोरु द कार्बोनु', सुमिर म्हणजे दिसेनासं होणं, पाणी जिथे मुरून नाहीसं होतं ती जागा सुमिदोरु, मला हा शब्द फार आवडतो कारण आपल्या 'मुरणं'च्या इतका जवळचा दुसरा सापडत नाही. जाळ्याचं शिसं, मासेमारीचं सिंकर, ते 'शुंबादा'. विहीर सिंक केली तर 'आब्रीर', म्हणजे विहीर उघडली, आपण खणतो ते उघडतात. सूर्य कधीच बुडत नाही, 'पोर दु सोल', सूर्य ठेवला जातो, आपल्याकडे सूर्यही बुडतो म्हणून आपल्याला इथे अफुंदार सुचायची भीती जास्त. आजाऱ्याचे डोळे खोल गेले, सन्कन आइज, तर 'ओल्युश एंकोवादुश', कोव्हा म्हणजे खड्डा. बास्केटबॉलमध्ये उडी मारून बॉल वरून कोंबतात त्याला मात्र पोर्तुगालमध्ये 'आफुंदांसु' म्हणतात आणि ब्राझीलमध्ये 'एंतेहादा', म्हणजे पुरणं. जिथे इंग्रजीत सिंक नाही तिथे यांच्याकडे तळाला घालतात. म्हणून म्हणते शब्दाला शब्द लावून हे काम होत नाही.

पैशाचं जरा थांबून बघ. सन्क कॉस्ट तुझ्या रिपोर्टात आहे, ते 'कुश्तु इरेकुपेरावेल' लिही, परत न मिळणारा खर्च, 'कुश्तुश आफुंदादुश' पण चालतं पण बुडालेल्या बार्जच्या रिपोर्टात ते लिहिलंस तर वाचणारा दोनदा अडखळेल. सिंकिंग फंडमध्ये तर मोठे मोठे लोक फसतात. कर्ज फेडायला बाजूला काढत जायचे पैसे असतील तर 'फुंदु द आमोर्तिझासांव', इथे सिंकिंगचा अर्थ कर्ज कमी कमी करत नेणं. पण आपल्या हाउसिंग सोसायटीच्या बिलात जो सिंकिंग फंड असतो, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा, त्याला आमोर्तिझासांव लिहिलं तर लिस्बनमधल्या माणसाला वाटेल सोसायटीवर कर्ज आहे. मडगावच्या एका फ्लॅटच्या कागदात मी स्वतः हे चुकून लिहिलं होतं, घेणारा पोर्तुगालला राहणारा, त्याने सौदा थांबवला आणि आठवडाभर पत्रापत्री झाली. तिकडे त्याला 'फुंदु कोमुं द ह्रेझेर्वा' म्हणतात, राखीव निधी. आणि गंमत बघ, हा निधीवाला फुंदु आणि तळवाला फुंदु शब्द एकच, इंग्रजी फंडही त्याच लॅटिन मुळाचा.

तसं आपल्याकडेही पोर्तुगीज किती आलंय, बादली, पिंप, घमेलं, या भांड्यांची नावं त्यांचीच, आणि अलिबागच्या खाली कोर्लईत तर पोर्तुगीजमधून निघालेली बोली आजही घरात बोलतात. भांड्यांची नावं घेतली, पण बुडण्याला आपला शब्द आपल्याकडे होताच.

कप्तानाच्या जबाबातली दोन वाक्यं राहिली. 'माय हार्ट सँक', तिथे हृदय बुडवू नको, 'सेंती उं आपेर्तु नु कोरासांव', काळीज आवळलं गेलं, आपण काळजात धस्स झालं म्हणतो तसं. आणि 'इट हॅडंट सन्क इन', म्हणजे अजून डोक्यात शिरलं नव्हतं, खरं वाटत नव्हतं. ब्राझीलचा माणूस म्हणेल 'काइर आ फीशा', फीशा म्हणजे पब्लिक फोनचं टोकन, ते खाली पडलं की फोन लागायचा, तशी गोष्ट लागली. पण तुझा कप्तान मोझांबिकच्या लोकांपुढे बोलतोय तर 'आइंदा नांव तिन्या काइदु एं मीं' बरं, अजून भानावर आलो नव्हतो. जबाबात माणसाचा आवाज राहिला पाहिजे, चकचकीत करू नको.

राहिलं जहाजाच्या किचनमधलं सिंक, फोटो नंबर सातच्या खालचं. पोर्तुगाल-मोझांबिककडे 'लावा-लोइसा' लिही. ब्राझीलमध्ये त्याला 'पीया' म्हणतात आणि तिकडे 'लावा-लोसास' म्हणजे भांडी धुण्याचं मशीन होतं, तेव्हा पुढेमागे ब्राझीलचं काम आलं तर हे उलटं कर. फक्त तो फोटो एकदा मोठा करून बघ, मला पाठवलास त्यात ते टॉयलेटशेजारचं बेसिन वाटतंय, तसं असेल तर 'लावातोरिउ'.